देहान्तानंतरच्या प्रश्नाचा सत्यनिष्ठ शोधक : डॉ. इयान स्टीव्हन्सन

देह पडल्यानंतर मागे काही उरते की नाही, हा प्रश्न बालक नचिकेत्याने प्रत्यक्ष यमराजास विचारला. यमराजाने त्यास गाई, हत्ती, सुवर्ण, राज्य आणि दीर्घायुष्य देऊ केले. तरी तो बालक आपल्या प्रश्नापासून ढळला नाही. कठोपनिषदातील हे आख्यान भारतातील घराघरांत परंपरेने सांगितले जाते. श्रद्धावान गृहस्थास या प्रश्नाचे उत्तर शास्त्रवचनांतून मिळते आणि त्या उत्तराच्या बळावर तो आप्तांचा वियोग सोसतो. परंतु ज्या विद्येत आत्मा हा शब्ददेखील मान्य नाही, त्या विद्येत पारंगत झालेल्या पुरुषास हाच प्रश्न अस्वस्थ करू लागला, तर त्याने कोणत्या मार्गाने जावे? डॉ. इयान स्टीव्हन्सन यांचे जीवन हा अशा मार्गाचा एक आदरणीय दाखला आहे. या परदेशस्थ वैद्याने आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे त्या एका प्रश्नास वाहिली, त्यासाठी मोठे पद सोडले, स्वजातीय विद्वानांचा उपहास सोसला. आणि तरीही पुराव्याने जेवढे दाखविले त्याहून एक अक्षरही अधिक म्हटले नाही.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९१८ रोजी कॅनडा देशातील माँट्रियल नगरात झाला. वडील मूळचे स्कॉटलंडचे असून लंडनच्या ‘टाइम्स’ या वृत्तपत्राचे कॅनडातील वार्ताहर होते. मातेस थिऑसफीची ओढ होती आणि त्या विषयावरील ग्रंथांचा तिने घरी मोठा संग्रह केला होता. बाळपणी इयान यांची छाती वरचेवर बिघडत असे. अंथरुणास खिळलेल्या त्या मुलाने मातेच्या कपाटांतील ग्रंथांचा सहवास धरला. वाचनाची ही आवड जन्मभर टिकली. १९३५ पासून २००३ पर्यंत वाचलेल्या प्रत्येक ग्रंथाची त्यांनी नोंद ठेवली आणि ती संख्या ३,५३५ भरली. जे केले त्याची नोंद ठेवणे, हा त्यांच्या स्वभावाचा विशेष पुढे त्यांच्या संशोधनाचा कणा ठरला.

प्रथम त्यांनी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात इतिहासाचे अध्ययन केले. इतिहासकारास साक्षीदारांच्या सांगण्यावरून गतकाळाची घटना ठरवावी लागते. कोणता साक्षीदार विश्वसनीय, कोणाचे सांगणे ऐकीव, कोणाचा स्वार्थ त्यात गुंतलेला, याचा विवेक त्यास करावा लागतो. हा विवेक त्यांस पुढे फार उपयोगी पडला. त्यानंतर ते स्वदेशी परतले आणि मॅकगिल विद्यापीठातून १९४३ साली वैद्यकाची पदवी आपल्या वर्गात प्रथम क्रमांकाने मिळविती झाले. छातीच्या विकारामुळे थंड प्रदेश मानवेना, म्हणून ते अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतातील कोरड्या हवेत गेले. पुढे न्यू ऑर्लिन्स आणि न्यूयॉर्क येथील वैद्यकीय संस्थांत त्यांनी संशोधन केले.

आरंभी त्यांचा विषय शरीरांतर्गत रसायनांचा होता. परंतु देहाचे लहान लहान भाग करून पाहिल्याने मनुष्य कळत नाही, अशी रुखरुख त्यांस लागली. मग ते मनाच्या आघातांचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासू लागले. तेथे त्यांस एक कोडे पडले. दोन मनुष्यांवर सारखेच संकट कोसळते. त्यांपैकी एकास दमा जडतो आणि दुसऱ्याचा रक्तदाब वाढतो, असे का व्हावे? एकाच मातेच्या उदरी जन्मलेली, एकाच घरात वाढलेली भावंडे स्वभावाने इतकी भिन्न का असावीत? तत्कालीन शास्त्राकडे याची दोनच उत्तरे होती : आनुवंशिकता आणि परिस्थिती. या दोहोंनी कोडे पूर्णपणे उलगडत नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. तिसरे काही कारण असू शकेल काय, या शंकेचे बीज येथे पडले.

१९५७ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते व्हर्जिनिया विद्यापीठात मनोविकारशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. प्रतिष्ठा, वेतन आणि शिष्यवर्ग, सर्व काही लाभले होते. सामान्य मनुष्य येथे स्थिरावला असता. परंतु त्यांनी जगभरच्या ग्रंथांतून, नियतकालिकांतून आणि वृत्तपत्रांतून पूर्वजन्माच्या स्मृतीच्या हकीकती वेचण्यास प्रारंभ केला. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांच्या स्मरणार्थ अमेरिकेतील एका संस्थेने ठेवलेल्या निबंधस्पर्धेत त्यांनी ४४ प्रकरणांचे परीक्षण करणारा प्रबंध लिहिला. तो पारितोषिकास पात्र ठरून १९६० साली प्रसिद्ध झाला. या ४४ प्रकरणांत त्यांस एक समान सूत्र दिसले. भिन्न देशांतील, परस्परांस अज्ञात अशा घरांतील लहान मुले बोलू लागताच एखाद्या मृत मनुष्याचे नाव, गाव आणि मृत्यू यांविषयी सांगत होती.

प्रसिद्ध झालेल्या हकीकतींवर विसंबणे पुरेसे नव्हते. साक्षीदारांस प्रत्यक्ष भेटणे अवश्य होते. परामानसशास्त्राच्या एका संस्थेच्या संस्थापिका आयलीन गॅरेट यांनी प्रवासापुरते साहाय्य दिले आणि १९६१ साली डॉ. स्टीव्हन्सन प्रथम भारतात आले. निघताना त्यांच्याजवळ जेमतेम पाच प्रकरणांचा पत्ता होता. काही आठवड्यांतच ही संख्या २५ वर गेली. ज्या गोष्टी पाश्चात्य देशांत अपवादात्मक वाटत होत्या, त्या येथे खेड्यापाड्यांतून घडत होत्या. मात्र कोणी त्यांची पद्धतशीर नोंद केली नव्हती.

या पहिल्याच प्रवासात त्यांनी तपासलेले एक प्रकरण जबलपूर परिसराशी निगडित आहे. कटनी हे गाव तेव्हा जबलपूर जिल्ह्यात मोडत असे. १९९८ साली तो निराळा जिल्हा झाला. जबलपूरहून उत्तरेकडे सुमारे ९० किलोमीटरवर हे गाव असून चुन्याच्या भट्ट्यांसाठी ते ख्यात आहे. १९५१ च्या सुमारास पन्ना येथे राहणारे शिक्षणखात्यातील एक गृहस्थ आपल्या तीन वर्षांच्या कन्येसह जबलपूरला गेले होते. परतताना गाडी कटनीतून जात असता ती मुलगी चालकास, आपल्या घराकडे गाडी वळवावी, असे सांगू लागली. थोड्या वेळाने मंडळी चहासाठी थांबली, तेव्हा जवळच आपले घर असून तेथे याहून चांगला चहा मिळेल, असेही ती म्हणाली. त्या कुटुंबाचे कटनीत घर नव्हते. वडील विस्मित झाले.

पुढे मुलगी आपल्या पूर्वीच्या घराचे वर्णन भावंडांस सांगू लागली. घर पांढरे आहे, त्याचे दरवाजे काळे असून त्यांस लोखंडी गज आहेत, घरामागे मुलींची शाळा आहे, समोर लोहमार्ग आणि चुन्याच्या भट्ट्या दिसतात, असे तपशील ती देत असे. वडिलांनी तिच्या काही विधानांची १९५८ साली लेखी नोंद केली. १९५९ च्या मार्च महिन्यात राजस्थानातील संशोधक हेमेंद्रनाथ बॅनर्जी त्या कुटुंबाकडे आले. त्यांनी घराविषयीची ९ विधाने कागदावर उतरविली, तो कागद घेऊन ते कटनीस गेले आणि त्या खुणांच्या आधारे घर शोधून काढले. त्या घरातील एक विवाहिता १९३९ साली निवर्तली होती. तोवर या दोन कुटुंबांचा परिचय नव्हता.

यानंतर त्या मृत स्त्रीचे बंधू, पती आणि पुत्र मुलीस पाहण्यास आले, ते पूर्वसूचना न देता. इतर पुरुषांच्या मेळ्यात ते मिसळून बसले असता मुलीने त्यांस ओळखले. पुत्राने तर आपण तो नव्हेच, असा हट्ट धरून तिला चकविण्याचा प्रयत्न केला. तरी ती आपल्या सांगण्यापासून हटली नाही. दोन्ही घरांत पुढे स्नेह जडला आणि राखीपौर्णिमेला ती मुलगी त्या घरच्या वयस्क बंधूंस राखी बांधू लागली.

डॉ. स्टीव्हन्सन १९६१ साली या प्रकरणाच्या तपासासाठी आले. इतक्या विस्मयकारक हकीकतीने कोणीही भारावून गेला असता. त्यांनी मात्र दोन्ही ठिकाणच्या साक्षीदारांस वेगवेगळे भेटून प्रत्येक विधानापुढे चार गोष्टी मांडल्या : हे कोणी ऐकले, ते खरे असल्याचे कोणी सांगितले, ओळख कशी पटली, आणि ही माहिती मुलीस साध्या मार्गाने मिळण्याचा संभव होता काय. जे चुकले तेही त्यांनी त्याच तक्त्यात लिहिले. आपला मृत्यू घशाच्या विकाराने झाला आणि जबलपूरच्या नेपियर टाउन भागातील एका डॉक्टराने आपल्यावर उपचार केले, असे मुलगी सांगे. उपचाराची गोष्ट खरी होती. परंतु घशाचा तो विकार बरा झाला होता आणि मृत्यू त्यानंतर काही महिन्यांनी हृदयविकाराने झाला होता. अनुकूल तपशिलांच्या गर्दीत ही चूक दडविणे सोपे होते. त्यांनी ती दडविली नाही.

या प्रकरणास आणखी एक गुंता होता. ती मुलगी पाच-सहा वर्षांची असल्यापासून काही गीते म्हणे आणि त्यांवर नृत्य करी. घरच्या कोणासही ती भाषा कळत नसे. पुढे ती गीते बंगाली असल्याचे एका बंगाली प्राध्यापकांनी ओळखले. कटनीच्या स्त्रीचा मृत्यू १९३९ सालचा आणि मुलीचा जन्म १९४८ सालचा. मधल्या काळात सिल्हेट भागात आपला एक अल्पायुषी जन्म झाला, असे ती सांगे. त्या जन्मातील कुटुंबाचा शोध कटनीप्रमाणे लागला नाही. जे पडताळले गेले आणि जे पडताळले गेले नाही, त्यांमधील सीमारेषा डॉ. स्टीव्हन्सन यांनी ठळक राखली.

न्यायशास्त्राचे अध्ययन केलेल्यास ही रीत परिचयाची वाटेल. न्यायसूत्रांत नवजात अर्भकाच्या स्तनपानाच्या इच्छेवरून पूर्वजन्माचे अनुमान मांडले आहे. परंतु सूत्रकार तेवढ्यावर थांबत नाहीत. लोखंड जसे लोहचुंबकाकडे जाते, तसेच अर्भकही कोणत्याही पूर्वसंस्कारावाचून स्तनाकडे वळत असेल, हा आक्षेप ते स्वतःच उपस्थित करतात आणि मग त्याचे निरसन करतात. पूर्वपक्ष जितका बळकट मांडावा तितका सिद्धान्त निर्मळ होतो. डॉ. स्टीव्हन्सन यांनी न्यायशास्त्राचे पाठ घेतले नव्हते. परंतु प्रत्येक प्रकरणापुढे ते असेच पूर्वपक्ष मांडत. मुलाने वा आईबापांनी फसविले असेल काय? कोठे तरी ऐकलेली गोष्ट ऐकल्याचे विसरून मूल ती स्वतःची आठवण समजत असेल काय? दोन्ही कुटुंबे भेटल्यानंतर साक्षीदारांच्या स्मृतीत भेसळ झाली असेल काय? मूल दुसऱ्याच्या मनातील गोष्ट कोणत्या तरी अज्ञात शक्तीने जाणत असेल काय? हे सारे पर्याय तपासून जे प्रकरण उरे, त्याविषयीदेखील पुनर्जन्म सिद्ध झाला, असे ते म्हणत नसत.

त्यांच्या पहिल्या महत्त्वाच्या ग्रंथाच्या नावातच हा संयम दिसतो. १९६६ साली निघालेल्या त्या ग्रंथात २० प्रकरणे आहेत : भारतातील ७, श्रीलंकेतील ३, ब्राझीलमधील २, लेबनॉनमधील १ आणि अलास्कातील ट्लिंगिट जमातीतील ७. ही प्रकरणे पुनर्जन्म सुचवितात, एवढेच नावात म्हटले आहे. सिद्ध करतात, असे म्हटलेले नाही. ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वी एक कठीण प्रसंग आला. त्यांच्या एका दुभाषाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेतली गेली. प्रकाशन लांबले. वर्षानुवर्षांचे श्रम एका मनुष्याच्या दोषामुळे वाया जाण्याची वेळ आली. त्यांनी वाद घातला नाही; १९६४ साली ते पुन्हा भारतात आले, दुसरे दुभाषे घेतले आणि जुन्या साक्षीदारांकडे जाऊन नोंदी पुन्हा पडताळल्या. त्यानंतरच ग्रंथ वाचकांच्या हाती गेला.

त्यांच्या कार्यास अनपेक्षितपणे एक दाता लाभला. कोरड्या पद्धतीने कागदाची प्रत काढण्याची युक्ति, जी पुढे झेरॉक्स या नावाने जगभर पसरली, ती शोधून काढणारे चेस्टर कार्लसन यांनी पत्नीच्या प्रेरणेने या संशोधनास साहाय्य दिले. १९६८ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात या कार्यासाठी विद्यापीठास १० लक्ष डॉलर ठेवलेले आढळले. असल्या विषयासाठी धन स्वीकारावे की नाही, याविषयी विद्यापीठात कुरबूर झाली. अखेर ते स्वीकारण्यात आले. डॉ. स्टीव्हन्सन यांनी १९६७ साली विभागप्रमुखाचे पद सोडले आणि एका लहानशा संशोधनविभागात आपले सर्वस्व ओतले. वर्षाकाठी सरासरी ५५,००० मैलांचा प्रवास ते करीत. भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड, तुर्कस्तान आणि लेबनॉन येथील मुलांच्या घरी ते पोहोचत. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. सतवंत पसरीचा या त्यांच्या भारतीय सहकारी झाल्या. त्यांच्या संग्रहात अखेरीस सुमारे अडीच हजार प्रकरणे जमा झाली.

एवढ्या सामग्रीतून काही सामान्य लक्षणे दिसून आली. मूल बहुधा दोन ते चार वर्षांचे असता पूर्वस्मृती बोलून दाखवू लागते आणि पाच ते आठ या वयात ती स्मृती मावळते. स्मरलेला मृत्यू पुष्कळदा अपघाती वा हिंसक असतो. पाण्यात बुडून मेल्याचे सांगणारे मूल पाण्यास भिते. काही मुलांच्या अंगावर जन्मखुणा असतात आणि त्या मृत मनुष्याच्या जखमांशी जुळतात. या शेवटच्या बाबतीत त्यांनी विशेष श्रम घेतले. ४९ प्रकरणांत त्यांस शवपरीक्षेसारखे वैद्यकीय कागद मिळाले. त्यांपैकी ४३ मध्ये जखम आणि जन्मखूण यांचा मेळ बसला. १९९७ साली याच विषयावर त्यांचा दोन खंडांचा, २,२०० हून अधिक पृष्ठांचा ग्रंथ निघाला.

महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आला. नागपूर येथील एका सुशिक्षित मराठी स्त्रीच्या ठिकाणी १९७४ पासून मधूनमधून विलक्षण पालट होऊ लागला. त्या अवस्थेत ती मराठी विसरे, बंगाली बोले, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या बंगालातील शारदा नामक विवाहितेसारखी वागे, आणि यंत्रयुगातील वस्तू पाहून गोंधळे. तिने सांगितलेली काही पूर्वजांची नावे बंगालमधील एका घराण्याच्या वंशावळीशी जुळली. डॉ. स्टीव्हन्सन आणि डॉ. पसरीचा यांनी हे प्रकरण अभ्यासून १९८४ च्या ग्रंथात मांडले, डॉ. अकोलकर यांनीही त्याचा स्वतंत्र अभ्यास केला. त्या स्त्रीने पूर्वी थोडे बंगाली वाचन शिकले होते, ही गोष्ट डॉ. स्टीव्हन्सन यांनी स्वतःच नोंदविली. कारण आक्षेपकास ती ठाऊक असणे न्याय्य होते.

आक्षेपकांची उणीव नव्हती. मद्रासचे तत्त्वज्ञ सी. टी. के. चारी यांनी म्हटले की, ज्या समाजात पुनर्जन्मावर श्रद्धा आहे तेथेच अशा कथा विपुल आढळतात, म्हणून त्या श्रद्धेतून घडत असाव्यात. पाश्चात्य तत्त्वज्ञ पॉल एडवर्ड्स यांनी तर १९९६ च्या ग्रंथात कठोर टीका केली. काही काळ त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या एका साहाय्यकाने प्रश्न विचारण्याच्या रीतीत दोष दाखविले : अनेक प्रकरणांत संशोधक पोहोचण्यापूर्वीच दोन्ही घरांची भेट होऊन गेलेली असे आणि मूळ विधाने लिहून ठेवलेली नसत. या टीकेत तथ्य होते आणि डॉ. स्टीव्हन्सन यांसही ते ठाऊक होते. म्हणूनच कटनीसारख्या प्रकरणांचे मोल अधिक. तेथे पडताळणीपूर्वीचा कागद हाती होता. दुसऱ्या बाजूस, अंधश्रद्धेचे कट्टर विरोधक असलेले खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनीही लहान मुलांच्या या हकीकती गंभीर अभ्यासास योग्य असल्याचे मान्य केले.

भारतीय श्रोत्यांस त्यांचा एक निष्कर्ष खटकण्यासारखा होता. मागील जन्मातील सदाचार वा दुराचार यांचे फळ पुढील जन्मातील सुखदुःखांत स्पष्टपणे दिसते, असे त्यांस आपल्या नोंदींत आढळले नाही. भारतात सन्मान मिळावा एवढ्यासाठी त्यांनी हे झाकून ठेवले नाही. विचार करता यात भिण्यासारखे काही नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनास सांगितले आहे की, दोघांचेही अनेक जन्म होऊन गेले; ते भगवंतांस ज्ञात आहेत, अर्जुनास नाहीत. कर्माची गती गहन असल्याचेही त्याच अध्यायात म्हटले आहे. एका बालकास एका जन्माचा पुसट तुकडा आठवतो. एवढ्या तुकड्यावरून अनंत जन्मांचा हिशेब कसा लागावा? योगसूत्रांनी पूर्वजातीचे ज्ञान संस्कारांच्या साक्षात्काराचे फळ म्हटले आहे. ते बाळबोध आठवणींहून निराळे आहे.

भारतीय गृहस्थांच्या दृष्टीने त्यांच्या आणि डॉ. पसरीचा यांच्या अभ्यासातील एक भाग अत्यंत उपयोगी आहे. पूर्वजन्म आठवणारे मूल अल्पायुषी होते, असा समज भारतात अनेक ठिकाणी आहे. त्या भयाने आईबाप मुलास गप्प करतात. कोणी त्यास मारतात, कोणी त्याच्या डोक्यावर टपला मारतात, कोणी त्यास जात्यावर उलटे फिरवितात. दुसऱ्या टोकास काही लोक मुलाचे प्रदर्शन मांडतात, वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून आणतात आणि घरात रोज गर्दी जमवितात. दोन्ही वर्तने मुलास अपायकारक आहेत. मुलाचे बोलणे शांतपणे ऐकावे, त्यास खोदून विचारू नये, आपल्या कल्पना त्याच्या तोंडी घालू नयेत, आणि तो जे आपण होऊन बोलेल ते तारीख घालून लिहून ठेवावे. थोड्या वर्षांत ती स्मृती बहुधा आपोआप मावळते आणि मूल वर्तमान आईबापांचेच होऊन राहते. विस्मरण हाही भगवंतांचा अनुग्रहच मानावा. अन्यथा एकाच हृदयास दोन घरांचा शोक वाहावा लागला असता.

त्यांच्या आयुष्यातील एक लहानशी योजना त्यांची वृत्ती उत्तम दाखविते. १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी एका कुलुपाची चाचणी सुचविली. त्यांनी किल्लीचे नव्हे, तर अंकांच्या जुळणीने उघडणारे कुलूप घेतले. ती जुळणी एका गुप्त शब्दसमूहावरून ठरविली आणि कोणासही सांगितली नाही, कागदावर लिहिलीही नाही. कुलूप आपल्या कार्यालयातील कपाटात ठेवले. मृत्यूनंतर चैतन्य टिकत असेल आणि निरोप देणे शक्य असेल, तर तो गुप्त शब्द कोणाच्या तरी स्वप्नातून वा अन्य रीतीने कळवावा आणि सहकाऱ्यांनी कुलूप उघडून पाहावे, अशी ती योजना होती. इतरांच्या साक्षी तपासणाऱ्या या पुरुषाने स्वतःच्या मरणासही साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केले.

त्यांचा पहिला विवाह १९४७ साली झाला. ती पत्नी १९८३ साली निवर्तली. १९८५ साली त्यांनी इतिहासाच्या एका प्राध्यापिकेशी विवाह केला. २००२ साली ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही लेखन थांबले नाही. युरोपातील प्रकरणांवरील त्यांचा ग्रंथ २००३ साली आला. ८ फेब्रुवारी २००७ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, फुप्फुसांच्या दाहाने त्यांचे देहावसान झाले. बाळपणापासून ज्या छातीने त्यांस छळले तीच अखेर निमित्त झाली. त्यांचे कार्य डॉ. ब्रूस ग्रेसन आणि डॉ. जिम टकर यांनी पुढे चालविले. त्यांच्या निधनाची वृत्ते छापली गेली तेव्हा ते कुलूप बंदच होते. ते उघडल्याचे वृत्त त्यानंतरही प्रसिद्ध झालेले नाही.

न उघडलेल्या त्या कुलुपावरून आत्मा नाही, असे म्हणणे घाईचे होईल. आणि अडीच हजार प्रकरणांवरून विज्ञानाने पुनर्जन्म सिद्ध केला, अशी घोषणा करणेही त्या सत्पुरुषाशी अन्याय करणारे होईल. आज व्याख्यानांतून आणि कीर्तनांतूनही त्यांचे नाव घेऊन अशी घोषणा केली जाते. त्यांनी स्वतः ती केली नाही. पुराव्याच्या जोरावर विचारी मनुष्य पुनर्जन्म मानू शकतो, इतकेच त्यांचे म्हणणे होते; आणि तेही त्यांनी जन्मभराच्या श्रमानंतर म्हटले. श्रद्धेच्या समर्थनासाठी सत्यास थोडे ताणले तरी चालते, असे मानणारा मनुष्य श्रद्धेचेच मूळ खणतो. कारण ताणलेले सत्य उद्या तुटले की त्याबरोबर श्रोत्याचा विश्वासही तुटतो.

गीतेने सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना केली आहे. अभयाने तिचा आरंभ होतो आणि पुढे सत्य, अक्रोध, निरभिमानता ही लक्षणे येतात. परक्या देशात, परक्या धर्मसंस्कारांत वाढलेल्या या वैद्याच्या जीवनात त्यांतील अनेक लक्षणांचे दर्शन घडते. उपहासास ते भ्याले नाहीत, टीकाकारांवर संतापले नाहीत आणि प्रतिकूल तपशील त्यांनी दडविला नाही. गृहस्थाने त्यांच्या चरित्रातून पुनर्जन्माचा दाखला घेण्यापूर्वी ही सत्यनिष्ठा घ्यावी. आप्ताच्या वियोगाने व्याकुळ झालेल्या घरी मृताशी बोलणे घडवून देतो, असे सांगणारा कोणी आला, तर त्याच्यापुढेही डॉ. स्टीव्हन्सन यांचेच प्रश्न ठेवावेत : हे कोणी ऐकले, कोणी पडताळले, आणि साध्या मार्गाने कळण्याजोगे यात काय होते? जुने वस्त्र टाकून नवे धारण करणाऱ्या देहीचा दृष्टान्त दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी दिला, तो शोकाने स्वधर्म सोडू पाहणाऱ्या अर्जुनास उभे करण्यासाठी. त्या वचनावर विश्वास ठेवून आजचे कर्तव्य करीत राहावे, आणि ज्यास तपासावयाचे असेल त्याने या पुरुषाप्रमाणे निर्भयपणे तपासावे. सत्यास तपासणीची भीती नसते.